बायकांचा नाताळ

मैत्रिणींनो, दिवाळी संपली, शेवटचा पाहुणा गाडीत बसला, की तुम्ही काय करता? बहुतेकजणी फराळाचे रिकामे डबे घासायला काढता, पाहुण्यांच्या चादरी भिजवता आणि रात्री कधीतरी पाय पसरून म्हणता, "सुटले बाई एकदाची!" सण सगळ्या घराचा, पण त्याचा शीण मात्र एकटीचा. हे आपल्याकडेच आहे असं समजू नका हं. जिथे जिथे चूल आहे आणि सण आहे, तिथे तिथे हे आहेच. पण युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड नावाचं जे बेट आहे, तिथल्या खेड्यांतल्या बायकांच्या वाट्याला यावर एक छानशी तोड आली. तिथला नाताळ बारा दिवसांचा, आणि तो संपतो बायकांच्या सुट्टीनं! तारीख ठरलेली, ६ जानेवारी. त्या दिवसाचं आयरिश भाषेतलं नाव 'नॉलिग ना मॉन', म्हणजे सरळसरळ 'बायकांचा नाताळ'. त्या दिवशी चूल पुरुषांनी पेटवायची, गाईंचं दूध त्यांनीच काढायचं, मुलं त्यांनी सांभाळायची, आणि बायकांनी नीटनेटकं नेसून-सवरून शेजारणींकडे चहाला जायचं.

ऐकायला किती बरं वाटतं, नाही? पण ही सुट्टी कशावरची होती हे कळायचं, तर आधीचे दिवस त्या कशा घालवीत ते बघायला हवं.

अंधाराचे दिवस

आयर्लंड आपल्यापेक्षा खूपच उत्तरेला. डिसेंबरच्या अखेरीला तिथे सकाळी साडेआठ उलटून गेल्यावर सूर्य उगवतो आणि दुपारी चार वाजून गेले की मावळतोसुद्धा. जेमतेम साडेसात तासांचा दिवस, तोही ढगाळ आणि ओलसर. अशा देशात उजेडाचं अप्रूप असणारच. मीथ परगण्यात बॉइन नदीच्या काठी न्यूग्रेंज नावाची पाषाणयुगातली एक भव्य समाधी आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० साली, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधी, ती बांधली गेली. तिच्या दारावर एक झरोका ठेवलेला आहे. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास उगवत्या सूर्याचा किरण त्यातून आत शिरतो आणि १९ मीटर लांबीच्या बोळातून थेट आतल्या खोलीपर्यंत पोचतो. साधारण १७ मिनिटं आत उजेड असतो, मग पुन्हा अंधार. मायकेल ओकेली या पुरातत्त्वज्ञांनी १९६७ च्या २१ डिसेंबरला आत उभं राहून हे स्वतः पाहिलं. पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनाही या दिवसांत उजेडाची अशी ओढ होती. नाताळ तिथे पुढे ख्रिस्ती धर्माबरोबर आला, पण मोसम तोच, अंधारही तोच.

कोंबड्यांचे पैसे आणि मोठा बाजार

आयरिश खेड्यातल्या नाताळाची तयारी म्हणजे आपल्या दिवाळीचीच बहीण. घराला आतून-बाहेरून चुन्याची सफेदी, भांडीकुंडी घासणं, पडदे धुणं, चुलीजवळची काजळी खरवडणं. पुरुष अंगण, गोठा साफ करीत आणि जळणाची सोय बघत. बाकीचं सगळं बाईकडे.

नाताळाआधीच्या शेवटच्या बाजाराला तिथे 'मोठा बाजार' म्हणत. आपल्याकडे म्हणतात तसं, शेत पुरुषाचं, पण कोंबड्या बाईच्या. लोणी, अंडी, कोंबड्या, टर्की, हंस असा माल घेऊन शेतकरीण तालुक्याच्या गावाला जायची. वर्षभर तिनं राखलेल्या पाखरांचे पैसे याच वेळी हातात यायचे. त्यातून चहा, साखर, बेदाणे, मसाले, नवऱ्याची तंबाखू, मुलांचे बूट आणि एखादं खेळणं. 'नाताळ घरी आणणं' असाच तिथे शब्दप्रयोग होता. दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाला एखादा केक नाहीतर मोठी मेणबत्ती भेट म्हणून द्यायचा. परदेशी गेलेल्या मुला-मुलींची पत्रंही याच सुमारास यायची. अमेरिकेहून आलेल्या पाकिटात चार डॉलर असले तर घराचा नाताळ साजरा व्हायचा, नाहीतर हात आखडता घ्यायचा.

मग पुडिंग. बेदाण्यांतल्या बिया एकेक करून काढायच्या, सुका मेवा चिरायचा, सगळं मिश्रण फडक्यात घट्ट बांधायचं आणि चुलीवर टांगलेल्या मोठ्या हंड्यात तासन् तास उकडायचं. तेही एक नव्हे, पुष्कळ घरांत तीन करीत. एक नाताळाला, दुसरं नव्या वर्षाला आणि तिसरं ६ जानेवारीला. शिवाय हंस सोलायचा, त्याची पिसं उशांना ठेवायची, चरबी औषधाला बरणीत भरायची, आणि पंख चुलीपुढची राख झाडायला. काही म्हणून वाया घालवायचं नाही. शिकवण कुणाकडून घेतली असेल त्या बायकांनी? आपल्यासारखीच, आईकडून आणि सासूकडून.

खिडकीतली मेणबत्ती

२४ डिसेंबरचा दिवस उपासाचा. मांस वर्ज्य. रात्री खारवून वाळवलेला मासा, पांढरा सॉस आणि उकडलेले बटाटे, एवढंच जेवण. अंधार पडला की खिडकीत मोठी मेणबत्ती लावायची. मेणबत्तीला बैठक म्हणून सलगम कोरून घेत आणि त्याला होली नावाच्या झाडाची लाल फळांची डहाळी खोचत. मेणबत्ती पेटवायचा मान बहुतेक घरांत सगळ्यांत धाकट्या मुलाचा.

हा दिवा कशासाठी? तर मेरी आणि जोसेफ यांना त्या रात्री कुठे आसरा मिळाला नव्हता. ती दोघं आपल्या दारावरून गेली तर त्यांना कळावं, की या घरात जागा आहे. म्हणून दाराला त्या रात्री कडी घालत नसत. झोपण्यापूर्वी घरची बाई टेबलावर पाव आणि दुधाचं भांडं ठेवायची. न जाणो, कुणी वाटसरू यायचा! गोठ्यातल्या जनावरांनाही त्या दिवशी चार घास जास्त. मध्यरात्री गाई गुडघे टेकतात आणि त्यांना वाचा फुटते, अशी समजूत होती. पण ते माणसानं बघायला किंवा ऐकायला जाऊ नये हे मुलांना बजावलेलं असायचं.

या मेणबत्तीला पुढे आणखी एक अर्थ आला. १८४५ नंतर बटाट्याचं पीक रोगानं गेलं आणि जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि आणखी दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. त्यानंतर घराघरांतून कुणी ना कुणी परदेशी होतंच. १९९० साली मेरी रॉबिन्सन आयर्लंडच्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा त्यांनी आपल्या निवासस्थानाच्या खिडकीत एक दिवा कायमचा लावून ठेवला. दूरदेशी गेलेल्या सगळ्या आयरिश लोकांसाठी. स्वयंपाकघरातली रीत अशी राष्ट्रपतिभवनात पोचली.

पाखरू, पाव आणि नवं वर्ष

नाताळाचा दिवस घरच्या घरी. पहाटे चर्च, दुपारी मोठं जेवण. दुसरा दिवस, २६ डिसेंबर, मात्र गावभर धुमाकूळ. हा 'रेन'चा दिवस. रेन म्हणजे आपल्या मुठीत मावेल एवढंसं तपकिरी पाखरू. त्याची गोष्ट गमतीची आहे. सर्वांत उंच उडेल तो पक्ष्यांचा राजा असं ठरलं. गरुड उडून उडून दमला, तेव्हा त्याच्या पिसांत लपलेलं हे पाखरू बाहेर आलं, आणखी थोडं वर उडालं आणि राजा झालं! पण लबाड आणि चुगलखोर म्हणून त्याची अपकीर्तीही झाली. पूर्वी मुलं त्याला मारून होलीच्या फांदीला बांधत, गवताचे पोशाख आणि मुखवटे चढवून, ढोल-बासरी वाजवीत दारोदार जात आणि पैसे मागत. आता पाखरू खोटं असतं, हे फार चांगलं झालं. केरी परगण्यातल्या डिंगल गावात हा दिवस अजूनही दणक्यात साजरा होतो.

२८ डिसेंबर हा वर्षातला वाईट दिवस. त्या दिवशी कुठलंही नवं काम सुरू करायचं नाही. आणि ३१ ची रात्र म्हणजे पोटभर जेवायची रात्र. त्या रात्री पोट भरलं, की वर्षभर भरतं, असा समज. काही भागांत घरची माणसं एक मोठा पाव घेऊन तो दारावर आपटीत आणि भुकेला म्हणत, तू या घरातून चालती हो! ज्या देशानं तसा दुष्काळ पाहिला, तिथे या चालीकडे बघून हसू येत नाही. भरल्या डब्यातलं शेवटचं मूठभर धान्य आपल्याही आज्या काढीत नसत, त्यातलंच हे.

आणि मग ६ जानेवारी

आता तुम्हीच हिशेब करा. सफेदी, बाजार, पुडिंग, हंस, उपासाचं जेवण, मोठं जेवण, पाहुणे, दारावर येणारी मुलं, पुन्हा नव्या वर्षाचं जेवण. हे सगळं कुठे, तर नळ नाही, वीज नाही अशा घरात. पाणी विहिरीवरून बादल्यांनी आणायचं, तेही बहुतेक बाईनंच. खेड्यांत वीज न्यायचं काम तिथे १९४६ साली सुरू झालं आणि पुढे कितीतरी वर्षं चाललं.

तेव्हा बाराव्या दिवशी बायकांचा नाताळ. २५ डिसेंबर हा थोरला नाताळ, तो पुरुषांचा, मांस आणि व्हिस्कीचा. ६ जानेवारीचा धाकटा नाताळ बायकांचा, चहा आणि बेदाण्याच्या केकचा. कॉर्क आणि केरी या दक्षिणेकडच्या परगण्यांत ही चाल विशेष टिकली. कोंबड्यांच्या पैशांतून चार नाणी बाईनं बाजूला ठेवलेली असायची, ती या दिवसासाठी. एकमेकींकडे जायचं, खुर्चीत बसायचं, दुसऱ्या कुणीतरी ओतलेला चहा प्यायचा आणि मनसोक्त बोलायचं. वर्षभर उभ्या उभ्या खाणाऱ्या बाईला बसून खायला मिळणं, यापेक्षा मोठा सण कोणता हो?

या रात्रीचीही एक चाल होती, जरा काळजाला चटका लावणारी. चाळणीत ओटचे दाणे भरायचे आणि त्यात बारा मेणबत्त्या, मध्ये एक मोठी, अशा लावायच्या. वेस्टमीथ परगण्यातली ही चाल १६८२ साली एका गृहस्थांनी लिहून ठेवली आहे. काही घरांत एकेका माणसाच्या नावानं एकेक मेणबत्ती असे. ज्याची आधी विझेल तो आधी जाणार, असा समज. सगळ्यांच्या ज्योतींवर नजर ठेवून बसलेली ती आई डोळ्यांपुढे आणा, म्हणजे सुट्टीच्या दिवशीही बाईच्या मनाला सुट्टी नसते हे कळेल.

हे सगळं आपल्याला इतकं तपशिलानं कळतं, त्याचं श्रेय पुष्कळसं मुलांना आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकपरंपरा आयोगानं शाळांमधून एक उपक्रम केला. सुमारे ५०,००० मुलांनी आपापल्या घरी, शेजारी जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारलं आणि त्यांनी सांगितलेल्या चालीरीती, गोष्टी, औषधं वह्यांत उतरवून काढली. त्या वह्या आजही जपून ठेवल्या आहेत. आपल्याकडे नातवंडांना सुट्टीत एक वही द्या आणि आजीपाशी बसवा. पुढे लाखमोलाची ठरेल.

एका दिवसानं काय होतं?

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, "एक दिवस चहा पिऊन काय होणार? उरलेले ३६४ दिवस आहेतच!" खरंच आहे. आयर्लंडमध्येही त्या एका दिवसानं बाईचं ओझं हलकं झालं नाही. १९७३ सालापर्यंत तिथे सरकारी नोकरीतल्या स्त्रीला लग्न झालं की राजीनामा द्यावा लागे. १९३७ च्या तिथल्या राज्यघटनेत, बाईच्या घरातल्या आयुष्यामुळे देशाला आधार मिळतो असं गौरवानं लिहिलं आहे, पण त्या गौरवानं विहिरीवरची बादली काही हलकी झाली नाही. ते कलम बदलावं म्हणून २०२४ साली ८ मार्चला, महिलादिनीच, मतदान झालं. पर्यायी मसुदा अनेकांना पोकळ वाटला आणि लोकांनी बदल नाकारला. कलम अजून तसंच आहे.

पण बायका एकत्र बसल्या की नुसत्या चहावर थांबत नाहीत, हेही तिथेच दिसतं. १९१० साली वेक्सफर्ड परगण्यातल्या ब्री या गावी खेड्यांतल्या बायकांनी एक संघटना काढली. पुढे ती आयरिश कंट्रीविमेन्स असोसिएशन या नावानं ओळखली गेली. वीज आली तर काय सोय होईल, घरात नळ का हवा, हे या बायकांनी गावोगाव पटवून दिलं. कर वाढेल म्हणून पुरुष कुरकुरत होते. पाणी भरणाऱ्या बायकांनी मात्र नळाचा आग्रह सोडला नाही.

आणि एक धागा आपल्यापर्यंतही येतो. रॉसकॉमन परगण्यातल्या बॉइल गावात जन्मलेल्या मार्गारेट कझिन्स १९१५ साली भारतात आल्या. त्यांच्याच पुढाकारानं अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन पुण्याला भरलं. साल १९२७, महिना जानेवारी, अध्यक्षा बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. विषय होता मुलींचं शिक्षण. आयरिश बाई, पुणं आणि जानेवारी! मला तरी हा योग फार गोड वाटतो.

आपल्या घरी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपणही एकमेकींकडे जातो. पण जिच्या घरी हळदीकुंकू, ती दिवसभर तिळगूळ, वाणं आणि अत्तरदाणी यांच्यामागे धावत असते. म्हणून म्हणते, हळदीकुंकू करा, पण वर्षातला एक दिवस निव्वळ बसायचाही ठेवा. त्याचे काही नियम मात्र सांगून ठेवते.

एक, तारीख आधी ठरवा आणि कॅलेंडरवर लिहा. 'जमेल तेव्हा' म्हटलं की ते कधीच जमत नाही. आयरिश पुरुष फार उदार होते असं नव्हे, पण तारीख ठरलेली होती, म्हणून कुणाला विनवावं लागत नव्हतं.

दोन, आदल्या रात्री भाजी-आमटी करून फ्रिजमध्ये ठेवायची नाही. तसं केलंत तर ती सुट्टी नव्हे, आगाऊ केलेलं काम झालं. पिठलं बिघडलं तर बिघडू दे. एक दिवस बिघडलेलं पिठलं खाऊन कुणी आजारी पडत नाही.

तीन, सुट्टी सासूबाईंना आणि सूनबाईंना एकाच दिवशी. एकीनं बसायचं आणि दुसरीनं राबायचं, असं नको.

चार, तुमच्या घरी कामाला बाई येत असतील तर त्यांनाही त्या दिवशी भरपगारी रजा द्या. आपली सुट्टी दुसऱ्या बाईच्या पाठीवर टाकली तर तिला सुट्टी कसं म्हणायचं?

पाच, सकाळी उठाल तेव्हा मोरीत आदल्या दिवसाची भांडी नसावीत. हे घरात आधी स्पष्ट बोलून ठेवा.

त्या चहाबरोबरचा बेदाण्याचा पाव

हा पाव अगदी सोपा, यीस्ट लागत नाही. आयरिश बायका तो झाकणाच्या लोखंडी भांड्यात, खाली निखारे, वर निखारे ठेवून भाजत.

साहित्य : ४५० ग्रॅम मैदा (अर्धी कणीक घेतली तरी चालेल), १ सपाट चहाचा चमचा खाण्याचा सोडा, १ सपाट चहाचा चमचा मीठ, २ मोठे चमचे साखर, १०० ग्रॅम बेदाणे, ३०० ते ३५० मिलिलिटर दाट आंबट ताक.

कृती : मैदा, सोडा आणि मीठ दोनदा चाळून घ्या. साखर व बेदाणे मिसळा. मध्ये खळगा करून ताक थोडं थोडं ओता आणि हातानं हलकेच गोळा करा. पोळीच्या कणकेसारखं मळू नका, मळलं की पाव चिवट होतो. ताकाच्या आंबटपणानं सोडा लगेच काम करू लागतो, तेव्हा वेळ दवडू नका. दोन इंच जाडीचा गोल करून त्यावर सुरीनं खोल फुली मारा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सियसला ४० मिनिटं भाजा. तळाला बोटानं टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की झाला. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलात तर कवच मऊ राहतं. लोणी लावून त्याच दिवशी खा.

आणि हो, कृती स्वतः करू नका. ही पाककृती कापून यजमानांच्या हाती द्या. तुम्ही शेजारणीला बोलावून बाहेरच्या खोलीत बसा. आतून "सोडा कुठल्या डब्यात आहे गं?" असं विचारणं आलं, तर बसल्या जागेवरून सांगा. उठायचं मात्र नाही.